गंजातला अंगठा

अय्युबभाईंच्या दारावर पाटी होती. पुण्यात जन्म काढला आणि दाराला पाटी नाही, हे त्यांच्यासारख्या माणसाला शोभलंच नसतं. ‘नाणी फक्त रविवारी, दुपारी तीन ते पाच. घासून आणलेले नाणे पाहिले जाणार नाही. मोबाइलवर ऐकलेली किंमत इथे सांगू नये. निदान फुकट आहे, वाद फुकट नाही.’ शेवटचं वाक्य त्यांच्या बायकोचं, अख्तरबानूंचं. आल्यागेल्याचा चहा त्यांनाच करावा लागायचा ना!

खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर दिवा, दहापटीचं भिंग, चिमटा आणि काळ्या मखमलीचा तुकडा. अय्युबभाईंनी पस्तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली होती. केसाएवढा फरक दिसला की माल परत, मग समोर कोणी का उभा असेना. निवृत्त झाल्यावर तीच खोड नाण्यांकडे वळली. रुपया, दोन रुपये, जुनी दहा-वीस पैशांची ॲल्युमिनियमची नाणी, बस्स. सोन्याचांदीच्या नाण्याला ते हात लावायचे नाहीत. "त्यांची काळजी करायला सगळं जग बसलंय," म्हणायचे.

लोक काय एकेक घेऊन यायचे! कोणी रुळावर ठेवून चपटं केलेलं, कोणी पक्कडीने कड वाकवलेलं, कोणी चिंच-मिठाने घासून लख्ख केलेलं. अय्युबभाईंचा न्याय सरळ होता. टाकसाळीत झाली ती चूक, बाहेर पडल्यावर झाली ती इजा. चूक क्वचित, इजा रगड. बिबवेवाडीहून दोन बस बदलून आलेले एक गृहस्थ एकदा ऐटीत म्हणाले, "साहेब, यात सिंहाचं एक तोंड कमी आहे."

"अहो, सिंह असतात चार, दिसतात तीन. तुमच्याकडे दोनच उरलेत, कारण तुम्ही त्याच खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवता. टाकसाळीला कशाला बोल लावता?"

गृहस्थ चहा न घेताच उतरले. पण खडकीपासून वारज्यापर्यंत नाण्यांचा नाद असलेले सगळे एक गोष्ट मानायचे. अय्युबभाईंनी कोणाचं मन राखायला कधी खोटं निदान दिलं नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे त्यांची सून रुमाना. मुलगा आमीर सात वर्षांपूर्वी एका मंगळवारी वारज्याला कोणाचा तरी इन्व्हर्टर दुरुस्त करायला म्हणून गेला, तो गेलाच. संध्याकाळी त्याची स्कूटर मुठेच्या पुलाजवळ सापडली. किल्ली जागेवर, हत्यारांची पिशवी जागेवर. नदी शोधली, दवाखाने शोधले, दर्गे शोधले. माणूसही मिळाला नाही आणि मैयतही नाही. तेव्हा रुमाना सव्वीस वर्षांची होती. माहेरच्यांनी बोलावलं, तरी ही सासू-सासऱ्यांना सोडून गेली नाही. रोज सकाळी लॅबमध्ये नोकरीला जायची, संध्याकाळी येताना अख्तरबानूंच्या बीपीच्या गोळ्या आणायची. तोंडातून चकार शब्द नाही.

शेवटी अय्युबभाईंनाच राहवलं नाही. बिबवेवाडीच्या अझीमने तिच्यासाठी विचारलं होतं. विजेच्या सामानाचं दुकान, पहिली बायको वारलेली, पदरात एक मुलगी. माणूस भला. अय्युबभाई स्वतः रुमानाला घेऊन ॲडव्होकेट पूर्वा सोनवणे यांच्याकडे गेले. चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर कोर्ट निकाह मोडून देतं, असा कायदाच आहे. कोर्टात अय्युबभाईंनी वडील म्हणून शपथेवर सांगितलं की मुलाची काही खबर नाही. बारा मेला निकाल लागला.

"पण काका, एक गोष्ट लक्षात ठेवा," पूर्वाताईंनी बजावलं. "हा हुकूम सहा महिने लागू होत नाही. तेवढ्या मुदतीत नवरा हजर झाला आणि संसार करायला तयार आहे म्हणाला, तर सगळं रद्द. बारा नोव्हेंबर उजाडून मावळू दे, मग सुटका."

सहा महिने म्हणजे काय मोठी गोष्ट! सात वर्षं काढलेल्या घराला वाटलं, हे असे जातील.

जूनच्या शेवटच्या रविवारी शरच्चंद्र आले. हे बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर, टाकसाळीच्या सीलबंद पिशव्या मिळवून त्यातली चुकीची नाणी हुडकायची हा त्यांचा छंद. त्यांनी मखमलीवर एक रुपया ठेवला.

"पिशवीची शिवण मी स्वतः उसवली, अय्युबभाई. बाकीची सगळी करकरीत. हे एकच असं."

नाणं यंदाच्या सालाचं होतं. त्यावर तपकिरी गंज होता, आणि तो अंगठ्याच्या ठशासारखा उमटला होता. अय्युबभाईंनी भिंग डोळ्याला लावलं. पोलादाच्या कोऱ्या नाण्याला घामट बोट लागलं तर काही दिवसांनी बोटाच्या रेषांवर गंज धरतो, हे त्यांना नवीन नव्हतं. गंजाच्या रेषा सिंहांच्या अंगावरून गेल्या होत्या, खालून नाही. म्हणजे छाप पडल्यानंतर हात लागलेला.

"इजा," ते म्हणाले. "कोणीतरी पिशवीत हात घातलाय."

"ते मलाही कळतं हो. गंज किती जुना ते सांगा."

अय्युबभाईंनी नाणं तिरपं धरलं. ताजा गंज वर बसतो, जुना गंज धातू खात खाली उतरतो. इथे खड्डे खोल होते, कडा काळ्या पडल्या होत्या. दुसरं कोणी विचारलं असतं तर त्यांनी डोळे झाकून सांगितलं असतं की सहा-सात वर्षं. पण नाणं तर टाकसाळीतून येऊन सहा महिने झाले नव्हते.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. असं ते पहिल्यांदाच म्हणत होते. शरच्चंद्र त्यांच्याकडे बघतच राहिले. मग काय वाटलं कोणास ठाऊक, नाणं तिथेच ठेवून निघून गेले.

ते गेल्यावर अय्युबभाईंनी पुन्हा पाहिलं. ठशाच्या मधून एक तिरकी रेघ गेली होती. तिथे रेषा तुटून किंचित सरकून पुन्हा सुरू होत होत्या. आमीर नऊ वर्षांचा असताना याच टेबलापाशी खेळत होता. करवतीचं पातं त्याच्या डाव्या अंगठ्यात घुसलं होतं. पातं उघडं ठेवलं होतं ते बापाने.

छे! अंगठ्यावर व्रण काय एकाच माणसाच्या असतो? त्यांनी नाणं डबीत टाकलं. पण मन स्वस्थ बसेना. दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर त्यांनी कपाटातून घराच्या नोंदणीचे कागद काढले. तिथे आमीरच्या फोटोशेजारी त्याचा डावा अंगठा निळ्या शाईत होता. त्यांनी रेषा मोजल्या. फाटे कुठे फुटतात, भोवरा कुठे वळतो, रेघ कितव्या रेषेवर कापते. दोन तास मोजत बसले. केसाएवढाही फरक मिळाला नाही.

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये औषधाच्या दुकानदाराने सुट्टे म्हणून दिलेल्या रुपयावर तोच अंगठा होता. नाणं यंदाचंच. मात्र या वेळी खड्डे कमी खोल होते. अय्युबभाईंच्या अंदाजाने गंज तीनेक वर्षांचा. सप्टेंबरमध्ये तिसरं नाणं आलं ते रुमानाच्या पर्समधून, वारज्याच्या बसमध्ये कंडक्टरने दिलेलं. त्याचा गंज वर्षभराचा असावा. प्रत्येक नाण्यावर ठसा वेगळ्या जागी होता. तोच एक दोष तिन्हींवर एकाच जागी असता, तर टाकसाळीतल्या साच्याला दोष देऊन माणूस मोकळा झाला असता. इथे तीही सोय नव्हती. कोणीतरी खरोखर तीनदा हात लावला होता.

दसऱ्यानंतर दूधवाल्याने दिलेल्या रुपयावरचा गंज फार तर आठवड्याचा होता. नारिंगी, बोट लावलं तर पुसला जाईल असा.

चारही नाणी मखमलीवर ओळीने मांडून ते बसले होते, तेवढ्यात अख्तरबानू चहा घेऊन आल्या. टेबलावर नोंदणीचा कागद उघडा, शेजारी भिंग. बाईंना लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण लेकराचा अंगठा ओळखायला शाळा लागते होय? कप तसाच खाली ठेवून त्यांनी एक नाणं उचललं आणि गालाला लावलं.

"या अल्लाह! माझा आमीर."

"अख्तर, ठेव ते खाली."

"तो येतोय, अहो. जवळ येतोय. आणि तुम्ही चार महिने मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? यंदाच्या नाण्यावर सात वर्षांचा गंज आहे म्हणून? लोक म्हणतील म्हाताऱ्याला चळ लागला."

"लोकांना घाला चुलीत. कोर्टात सांगा. मुदत आहे अजून."

आत रुमाना उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आली, चारही नाण्यांकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"अब्बा," ती म्हणाली, "मला एवढंच सांगा. हा जिवंत माणसाचा हात आहे का? तो जिवंत असेल, तर मी अझीमला आजच नाही सांगते. शपथ."

तिचा आवाज अगदी सपाट होता. त्या पोरीने सात वर्षांनी गेल्या ईदला पहिल्यांदा मेंदी लावली होती, ते अय्युबभाईंना आठवलं.

त्यांनी भिंग पुसलं आणि चारही नाणी पुन्हा पाहिली. या वेळी त्यांनी रेषा मोजल्या नाहीत, रेषांच्या आत पाहिलं. माणसाच्या बोटाच्या प्रत्येक रेषेवर घामाची बारीक भोकं असतात. घाम खारट, म्हणून गंज आधी तिथे धरतो. ताज्या ठशात रेषा सलग नसते, ठिपक्याठिपक्यांची असते. त्यांनी पहिलं नाणं पाहिलं, दुसरं, तिसरं. आठवड्यापूर्वीचं चौथं तर दोनदा पाहिलं.

एकाही रेषेवर ठिपका नव्हता. रेषा सलग, गुळगुळीत.

"नाही, बेटा," ते म्हणाले. "या हाताला घाम येत नाही. जिवंत माणसाला घाम येतो."

"मग गंज कशाने धरला?" अख्तरबानूंनी विचारलं.

"पाण्याने."

स्टेशनवर लोकल येत असल्याची घोषणा झाली, गाडी आली आणि गेली.

"तुमचं भिंग म्हणतं तो नाही," अख्तरबानू म्हणाल्या. "माझं मन म्हणतं तो येतोय. दोन्ही खरं असलं तर?"

अय्युबभाई एकेक नाणं डबीत टाकू लागले. रुमाना आत गेली. त्या दिवसापासून घरात सुट्टे पैसे घेणं बंद झालं. दुकानात, बसमध्ये तिघांचं एकच वाक्य, बाकीचा रुपया राहू दे, दादा.

बारा नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता पूर्वाताईंचा फोन आला.

"काका, रुमानाला घेऊन लगेच कोर्टात या. आमीरच्या नावाने अर्ज आलाय."

अय्युबभाईंनी भिंग खिशात टाकलं. अख्तरबानू दाराशी उभ्या होत्या. त्यांनी दुपारच्या कणकेत दोन मुठी जास्त घातल्या होत्या.

"जन्मभर खरं बोललात," त्या म्हणाल्या. "आजही तेच बोला. दुसरं काही मागत नाही मी."

रुमानाला लॅबमधून घेऊन ते रिक्षाने शिवाजीनगरच्या कोर्टाकडे निघाले. वाटेत तिने ओढणीचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

पूर्वाताई जिन्यातच भेटल्या. "अर्ज टेबलावर सापडला. कोणी ठेवला ते कारकुनाला माहीत नाही. न्यायाधीशबाईंनी तीनदा पुकारा करायला लावला, आमीर अय्युब हाजिर हो म्हणून. कोणी उठलं नाही. आता त्या म्हणतात, वडिलांना अंगठा दाखवा आणि म्हणणं लेखी घ्या. काका, तुम्ही त्याचा नाही म्हणालात तर अर्ज निकालात. त्याचा आहे म्हणालात, तर हुकूम थांबला आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर."

कारकुनाची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती, दाराशी बाकावर तारखेला आलेली माणसं बसलेली. भिंतीला लागून कपाटं, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, वर एक करकरणारा पंखा. कारकुनाने कागद पुढे सरकवला. त्यावर एकच ओळ होती. ‘मी हजर आहे. संसार करायला तयार आहे.’

खाली सही नव्हती, अंगठा होता. शाईचा नव्हे. तपकिरी.

"शाईचा पॅड जुना असेल," कारकून म्हणाला.

अय्युबभाईंनी भिंग लावलं. तिरकी रेघ होती. फाटा जिथे फुटायचा तिथे फुटत होता. मग त्यांनी रेषेच्या आत पाहिलं.

ठिपके होते.

प्रत्येक रेषेवर, एका ओळीत, बारीक, सारख्या अंतरावर. तान्ह्या आमीरचं बोट उन्हात धरून ते बघायचे, अगदी तसे.

त्यांनी भिंग काढलं, डोळे पुसले, पुन्हा लावलं.

एक ठिपका फुगला. त्याचा थेंब झाला. थेंब रेषेच्या कडेने घसरला आणि पुढच्या रेषेला टेकून थांबला. शेजारचा ठिपका फुगायला लागला.

सात वर्षांत अय्युबभाईंना मुलाची इतकी आठवण आली नव्हती. आणि इतकी भीतीही आयुष्यात कधी वाटली नव्हती. 

"काका," कारकून म्हणाला, "तुमच्या मुलाचा आहे का?"

रुमाना समोर उभी होती. ती कागदाकडे बघत नव्हती, त्यांच्याकडे बघत होती. अब्बा जे म्हणतील ते ती मान्य करणार होती. परत घरी येणार होती, गोळ्या आणणार होती, आणि कागदावर ज्याने अंगठा उठवला होता तो जेव्हा दार वाजवेल तेव्हा उठून कडी काढणार होती.

"नाही," अय्युबभाई म्हणाले. "माझ्या मुलाचा नाही."

"नक्की?"

"पस्तीस वर्षं हेच काम केलंय. नाही."

कारकुनाने दोन ओळी लिहिल्या. अय्युबभाईंनी सही केली. रुमानाने ओढणीत तोंड लपवलं आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. पूर्वाताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दारातून शिपाई कोंडीराम आत डोकावला. "साहेब, मग त्यांना काय सांगू?"

"कोणाला?"

"अर्ज आणला त्यांना. सकाळपासून इथेच दाराशी बाकावर बसलेत. पुकारा झाला तेव्हा काही उठले नाहीत. म्हटलं ऐकू कमी येत असेल. आत्ता मात्र उठून उभे राहिलेत."

कारकुनाने खांदे उडवले आणि शिक्का शोधायला ड्रॉवर उघडला. रुमानाने डोळे पुसले, पर्स खांद्याला लावली आणि दाराकडे वळली.

"चला, अब्बा."

अय्युबभाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"दुसऱ्या दाराने जाऊ."

कारकुनाने मान वर न करता शिक्का उठवला.

"या खोलीला दुसरं दार नाही, काका."